‘काढूनच टाका, डॉक्टर’

१

गोपिकाचा आवाज गेला तो फेब्रुवारीत. मे महिन्यात तो धंतोलीतल्या डॉक्टर वैरागड्यांच्या खोलीत ऐकू यायला लागला.

डॉक्टरांनी हे एका दमात सांगून टाकलं आणि समोरच्या माठातलं पाणी घटाघटा प्याले. सीताबर्डीवरच्या त्या चिंचोळ्या ऑफिसात सत्यवती देवतळे समोर बसून ऐकत होत्या. १९६८ साली नागपुरात बाई वकील म्हणजे पांढरा कावळा. लोक आधी त्यांना बघायला येत आणि मग काम सांगत. पण डॉक्टर चंद्रभान वैरागडे बघायला आलेले नव्हते. गळ्याच्या गाठी काढण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या विदर्भात कोणी नव्हता, आणि तोच हात आज गडू धरताना थरथरत होता.

"भिवापूरकडची बाई," ते म्हणाले. "गळ्याला गाठ. मी ऑपरेशन केलं, गाठ नीट निघाली, पण आवाजाची नस दुखावली. कितीही जपून केलं तरी होतं कधीकधी. आता तिच्याकडे नुसती कुजबूज उरली आहे. आणि घरच्या कर्त्या माणसाची, रुपरावाची, ही नोटीस. म्हणे, दुसरा उपाय होता तो मी दडवला. धोका सांगितलाच नाही."

"सांगितला होता?"

"बाई, सांगितल्याशिवाय मी सुरीला हात लावत नाही!" डॉक्टर दुखावले. "दोन्ही वाटा सांगितल्या. गोळ्या घ्या, दर महिन्याला येऊन दाखवा, गाठ हळूहळू बसेल. नाहीतर ऑपरेशन. लवकर मोकळे व्हाल, पण आवाज जाण्याची भीती आहे. रुपराव खुर्चीवर होता, ती त्याच्यामागे पदर घेऊन उभी. मी तिला विचारलं, काय बाई, तुमचं काय म्हणणं? ती म्हणाली, ‘काढूनच टाका, डॉक्टर.’ तेवढं एकच वाक्य ती माझ्याशी बोलली. ते मी विसरणं शक्य नाही."

"हा रुपराव म्हणजे तिचा नवरा?"

"असावा. नाही, थांबा, नवरा आंधळा आहे, तो ऑपरेशननंतर आला. हा घरातलाच कोणी वडीलधारा. कोण कोणाचा कोण, हे मी कशाला विचारत बसू?"

सत्यवतीबाईंनी सुपारी कातरायला घेतली. हे लक्षण चांगलं नव्हतं, कोर्टातल्या मंडळींना ते पाठ होतं.

"आणि ऐकू येतं ते काय?"

"तेच वाक्य." डॉक्टरांचा आवाज उतरला. "तोच आवाज, बाई. दर सोमवारी दुपारी, मी जेवून खोलीत जरा टेकलो की. ऑपरेशन सोमवारीच झालं होतं. काल साधं गळू फोडताना माझा हात थरथरला. मी ऑपरेशनं बंद केली आहेत. तुम्ही फक्त नोटिशीचं उत्तर लिहा. ती स्वतः म्हणाली, एवढं लिहिलं की संपलं."

"लिहीन की. पण ते वाक्य कागदावर घालण्याआधी मला तो आवाज ऐकायचा आहे."

"भुताचा?"

"साक्षीदाराचा," सत्यवतीबाई म्हणाल्या.

२

नागपुरात रात्रीला कोणी भीत नाही. भ्यावं ते मे महिन्याच्या दुपारला. रस्ता पांढरा पडलेला, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, कडुनिंबात कावळे चोची उघड्या टाकून गप्प. माणसं घरात जिवंत आहेत की नाहीत, कळायला मार्ग नसतो. अशा सोमवारी सत्यवतीबाई डोक्यावर ओला नॅपकिन टाकून धंतोलीत पोचल्या.

डॉक्टरांच्या खोलीत वाळ्याचा गोड वास आणि हिरवट अंधार होता. मागच्या मोठ्या खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली. तिच्यावर बाहेरून पाणी मारत, वारा आला की तो गार होऊन आत येई. ताटीतून बाहेरचं काही दिसत नव्हतं. पलीकडे एक अरुंद बोळ, त्यात पाण्याचं टाकं आणि त्यापुढे परस, जिथे पेशंटांच्या घरची माणसं चुली मांडून भात-वरण शिजवीत.

डॉक्टर खाटेवर टेकले. कंपाउंडर रामाजी दाराला पाठ लावून उभा राहिला. उंबऱ्यावर त्याने कोणाला न विचारता लिंबू-मिरची बांधली होती. ताटीवरून थेंब गळत होते, टप, टप, आणि त्या आवाजाने सत्यवतीबाईंचेही डोळे जड व्हायला लागले.

"काढूनच टाका, डॉक्टर."

बाईचा आवाज. पातळ, जरासा नाकातला, आणि इतका जवळचा की सत्यवतीबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. खोलीत त्यांच्याशिवाय दुसरी बाई नव्हती. तो आवाज ओल्या गवताला फुटल्यासारखा आला आणि तसाच गवतात विरून गेला.

डॉक्टर भिंतीला टेकले होते. ओठ पांढरे. "ऐकलंत? तीच. देवाशप्पथ तीच!"

"रामाजी, मागे बघ," सत्यवतीबाई ओरडल्या. रामाजीला जायचं नव्हतं, पण बाईंच्या आवाजापेक्षा भूत परवडलं. तो पळाला आणि धापा टाकत परत आला.

"मांगं कोणीच नाई जी! मरीजाइच्या घरची एक बाई तेवढी पानी भरून राहिली होती. बाकी कोणी म्हणता कोणी नाई."

सत्यवतीबाईंनी मान हलवली. पुढे कित्येक दिवस त्या स्वतःला या मान हलवण्याबद्दल शिव्या देणार होत्या.

"मी सांगू का, बाईसाहेब?" रामाजी हळूच म्हणाला. "आवाज मानसाच्या भायेर निघाला का तो जाईन कुठी? जेथून काढला, तेथंच राह्यते. हा भिताडात जाऊन बसला."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. एवढा शिकलेला माणूस, पण रामाजीला गप्प बस म्हणण्याची त्यांची हिंमत झाली नाही.

३

बायकांच्या वॉर्डात अंजनाबाई आया चादरींच्या घड्या करत होत्या. त्यांनी सत्यवतीबाईंना स्टूल दिलं आणि विचारण्याआधीच म्हणाल्या, "मीबी आयकला तो आवाज. मांगच्या सोमवारी चाय घेऊन गेली होती तवा."

"घाबरलात?"

"घाबरली तं. पन बाई, तो गोपिकाचा नोहे."

सत्यवतीबाईंचा अडकित्ता थांबला. "काहून?"

"ती ऑपरेशनच्या आधी इथंच होती, या खाटेवर. माय, काय बोलनं तिचं! आवाज जाड, भरदार. बाजूच्या बायाइले गोष्टी सांगे का पोटं धरधरून हासत साऱ्या. नवऱ्याले दिसत नाई म्हणून तिले सवयच पडली होती, जे दिसलं ते बोलून दाखवायची. खिडकीत साळुंकी बसली तं ते सांगे. हा भिताडातला आवाज तं पातळ, नाकातून येते."

"डॉक्टर तर शपथेवर सांगतात की तिचाच."

"डाक्टरसाहेब खोटं कायले बोलतीन? त्याइले तसं वाटते, हे त्याइच्या तोंडावर दिसते. पन मीबी खोटं नाई बोलून राहिली."

"डॉक्टरांनी तिला तपासलं तेव्हा ती त्यांच्याशी बोलली असेल ना?"

अंजनाबाई हसल्या. "पहिल्यांदा दाखवाले आली ना, तवा भियाली होती. साहेबानं इचारलं का ती माह्या कानात सांगे, मी साहेबाले सांगो. मंग ऑपरेशनच्या दिवशी गुंगीच्या औषधात होती."

सत्यवतीबाई टांग्यात बसून परतल्या तेव्हा टांगेवाल्याने दोनदा विचारलं, कुठे सोडू, आणि दोन्ही वेळा त्यांनी भलताच पत्ता सांगितला. एकच आवाज, दोन माणसांनी ऐकलेला. एक म्हणतो तिचाच, दुसरी म्हणते तिचा नाहीच. आणि त्यांच्या वीस वर्षांच्या वकिलीला दोघंही खरंच बोलताना दिसत होते.

असं कसं होईल? दोघांपैकी एकाने गोपिकाचा आवाज कधी ऐकलेलाच नसला पाहिजे.

हा विचार मनात आला आणि त्यांनी भिवापूरला जायचं ठरवलं.

४

उमरेडच्या रस्त्याने एसटी भिवापूरला लागली. तिथून पुढे बैलगाडी. रुपरावांच्या अंगणात मिरची वाळत पसरलेली होती, लालभडक. आत पाऊल टाकताच सत्यवतीबाईंना असा ठसका लागला की आपण डॉक्टरांच्या वकील आहोत हे त्यांना डोळ्यांतून पाणी काढत काढतच सांगावं लागलं.

"असू द्या जी," पडवीत बसलेला माणूस म्हणाला. "आमच्या घरी पाव्हना रडल्याबिगर आत येतच नाई."

तो कवडू, गोपिकाचा नवरा. लहानपणी देवी आल्या त्यात डोळे गेलेले, चेहराभर वण. बोटांनी चाचपून तो मिरचीचे देठ खुडत होता. शेजारी गोपिका बसलेली, गळ्यावर आडवा, अजून गुलाबी असलेला व्रण. तिने हात जोडले. ओठ हलले, पण सत्यवतीबाईंना नुसता श्वास ऐकू आला.

"मले नोटीस-फिटीस काई समजत नाई," कवडू म्हणाला. "ते दादा पाहून राहिला. मी हिले दर सोमवारी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेतो, आवाजासाठी. मले एकच समजून घ्याचं हाय, बाई. डाक्टरनं सोता मले सांगतलं, तुह्या बायकोले दोन्ही रस्ते समजावले, आवाज जाईन हेबी सांगतलं, तरी ती म्हणे काढूनच टाका." त्याची बोटं थांबली. "तिच्या तोंडानं मी पाहात होतो. कोन्या झाडाची मिरची लाल झाली, आभाळ कोन्या बाजूनं भरलं, सारं तिनंच दाखवलं. आन् तिले माहीत असून तिनं हाव म्हणलं?"

गोपिकाने त्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि जोरजोराने मान हलवली. नाही, नाही.

"नाई म्हणते," कवडू म्हणाला. "कुजबुजूनबी नाईच म्हणते. पन कुजबूज साऱ्याइची एकसारखी असते, बाई. आधी ती कशी बोलते त्यावरून मले खरं-खोटं समजे. आता समजतच नाई. बाजूले बसली हाय, पन ती हाय का दुसरी कोणी, तेबी हात लावून पाहा लागते."

सत्यवतीबाईंनी नजर अंगणाकडे वळवली. दोरीवर दोन लुगडी वाळत होती. दोन्ही हिरवी, दोन्हीला तोच तांबडा काठ.

"गोपिकाला हिरवा रंग आवडतो वाटतं," त्या उगीचच म्हणाल्या.

"एक तिचं, एक वहिनीचं. आमच्या घरी दोघी जावाइले एकाच ताग्यातलं घेतात. कमीजास्त झालं का बाया वर्षभर भांडतात, अशी आमची माय म्हणे." कवडूला जरा हसू आलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. खाकरत एक धिप्पाड माणूस आत आला आणि गोपिका चटकन उठली. तिने पदर असा ओढला की हनुवटीसुद्धा दिसेना, आणि ती भिंतीला घासत माजघराच्या दाराआड गेली. आलेला माणूस रुपराव, कवडूचा थोरला भाऊ. म्हणजे गोपिकाचा भासरा.

"ती आत का गेली?" सत्यवतीबाईंनी हळूच विचारलं.

"भासऱ्यासमोर कशी बसन?" कवडूला प्रश्नाचंच नवल वाटलं. "दादा जेथं बसला तेथं ती पाय ठेवत नाई. लगन होऊन आली तवापासून दादाच्या कानावर तिचा एक शब्द पडला नाई. पडूच देत नाई ती."

रुपरावांनी खुर्ची ओढली. "डाक्टरनं आमाले काईच सांगतलं नाई, वकीलीनबाई. काईच नाई. नोटिशीत लिवलं तेच आमचं म्हणनं."

आतून एक बाई चहा घेऊन आली. ही रंभाबाई, रुपरावांची बायको, कवडूची वहिनी. तिने कप ठेवले. साखर किती, विचारलं नाही. सत्यवतीबाईंनी नाव विचारलं तर रुपरावांनी सांगितलं. "दर सोमवारी गोपिकाबरोबर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तुम्हीच जाता का?" तिने होकारार्थी मान हलवली. रुपराव मिरचीच्या अडतीवर गेले की गोपिकाला आणि कवडूला रांगेत बसवणं हे तिचंच काम, हेही रुपरावांनीच सांगितलं. त्या घरात नक्की मुकी कोण, असा प्रश्न पडावा.

निघताना सत्यवतीबाई रुपरावांना म्हणाल्या, "येत्या सोमवारी दुपारी डॉक्टरांकडे या. समोरासमोर बोलून घेऊ. घरी आत्ताच काही सांगू नका."

रुपरावांना वाटलं, डॉक्टर नमले. ते खुशीत हो म्हणाले.

बैलगाडीत बसल्यावर सत्यवतीबाईंनी डॉक्टरांचं वाक्य मनात पुन्हा घोळवलं. रुपराव खुर्चीवर, ती त्याच्यामागे उभी, आणि ती म्हणाली. पण भासरा ज्या खोलीत बसलाय त्या खोलीत गोपिका पाऊल टाकणार नव्हती.

मग डॉक्टरांशी बोललं कोण?

५

सोमवारी पुन्हा तीच पांढरी दुपार. सत्यवतीबाईंनी खोलीत तीन खुर्च्या मांडल्या. एकीवर डॉक्टर, एकीवर रुपराव. तिसऱ्या खुर्चीसाठी रामाजीला रिक्षा घेऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. तो कवडूला आणि गोपिकाला घेऊन आला. "त्याइची वहिनी रांगेत नव्हती जी," तो कानात म्हणाला. "जराशी जाऊन येतो म्हणून गेली."

"माहीत आहे," सत्यवतीबाई म्हणाल्या.

कवडू आत येऊन बसला. गोपिकाने दारातून रुपरावांना पाहिलं, पदर ओढला आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. तिला कोणी काही सांगावं लागलं नाही. सत्यवतीबाईंनी डॉक्टरांकडे नजर टाकली. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. गोपिका आली आणि गेली, हे त्यांना दिसलंच नव्हतं.

"आता कोणी बोलायचं नाही," सत्यवतीबाईंनी बजावलं. "शिंकसुद्धा नको."

ताटीवरून थेंब गळत होते. रुपराव अस्वस्थपणे चाळवले. "हे काय चालवलं..." त्यांनी सुरुवात केली, आणि सत्यवतीबाईंनी असा हात वर केला की एवढा धिप्पाड माणूस शाळकरी पोरासारखा गप्प झाला. कुठेतरी भांडं वाजलं. मग तेही थांबलं. बाहेरच्या गरम वाऱ्याची लूसुद्धा पडली होती. ताटीचं गवत हलत नव्हतं, तरी त्याच्या पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

"काढूनच टाका, डॉक्टर."

डॉक्टर उठून उभे राहिले. "गोपिका," ते पुटपुटले. "ही गोपिकाच!"

रुपरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांचा चेहरा डॉक्टरांपेक्षाही पांढरा झाला होता, आणि सत्यवतीबाई त्यांच्याचकडे बघत होत्या.

कवडू मात्र जराही घाबरला नाही. त्याने मान कलती केली, ओळखीचं माणूस दारात आल्यावर करतात तशी.

"गोपिका कायची?" तो म्हणाला. "हे तं आमची वहिनी व्हय. वहिनी वं, तू भायेर उन्हात काहून उभी?"

ताटीमागे घागर पडून फुटली.

६

रंभाबाईला रामाजीने बोळातून आत आणलं. मरीजाच्या घरची, पाणी भरणारी एक बाई, जिच्यापाशी गेल्या सोमवारी त्याचे डोळे पोचूनही थांबले नव्हते. हिरवं लुगडं, तांबडा काठ, पदर पार खाली.

"डॉक्टर," सत्यवतीबाई म्हणाल्या, "तुम्ही गोपिकाचा आवाज कधी ऐकलेलाच नाही. तपासताना ती आयाच्या कानात बोलली. नंतर तुम्ही घरच्यांना बोलवा म्हणालात. रुपराव खुर्चीवर बसले म्हटल्यावर गोपिका आत येणं शक्यच नव्हतं. ती बाहेर राहिली, आज बसली आहे तशी. आणि त्याच रंगाच्या लुगड्यात, पदर घेऊन, तिची जाऊ आत आली. तुम्ही दोन्ही वाटा समजावल्या, अगदी नीट समजावल्या. फक्त ज्या गळ्यावर सुरी फिरणार होती तो गळा त्या खोलीत नव्हता. तुम्ही पदराला विचारलंत आणि पदराने उत्तर दिलं."

डॉक्टरांनी व्हरांड्याच्या दाराकडे पाहिलं.

"म्हणून तुम्ही शपथेवर सांगत होता की हा गोपिकाचा आवाज, आणि अंजनाबाई सांगत होत्या की नाही. दोघंही खरे. तुम्हाला गोपिकाचा म्हणून जो माहीत होता, तो रंभाबाईचाच होता. आणि रुपराव, तुम्हाला कोणी काही सांगितलं नाही, असं नोटिशीत लिहिलंय. तुमच्यासमोर सांगितलं. चुकीच्या बाईला विचारलं जात होतं, तेव्हाही तुम्ही समोर होता."

रुपराव जमिनीकडे बघत होते. "गोळ्या म्हणजे दर महिन्याले नागपूर," ते शेवटी म्हणाले. "मिरचीच्या तोडनीचा टाईम. वाटलं, एकदाच होऊन जाईन. बाईमानसाले काय इचारायचं त्यात?"

रंभाबाईने तोंडावरचा पदर मागे केला. ती रडत नव्हती. रडून झालं असावं.

"डाक्टरनं इचारलं, आन् यानं मले डोळ्यानं खुणावलं. मी म्हणलं, काढूनच टाका. मलेबी वाटलं, निपटून जाईन. आवाजाचं आयकलं होतं मी. तिले सांगतलं नाई, उगीच भिऊन जाईन म्हणून." ती डॉक्टरांकडे वळली. "मंग तिचा आवाज गेला. हे भाऊजी तिच्यावर रुसले. घरात दोघंबी बसून राह्यतात आन् कोणी काई बोलत नाई. मी दर सोमवारी येऊन राहिली होती, तुमाले खरं सांगाले. दारातून आत यायची हिंमत नाई, माह्या घरधन्याले समजन म्हणून. ताटीमांगून सांगन, असं वाटे. पन जे म्हणलं होतं तेवढंच तोंडातून निघे, डाक्टर. त्याच्या पुढचं निघतच नव्हतं."

त्या पातळ, नाकातल्या आवाजाने एका शहाण्या माणसाच्या हातातली सुरी काढून घेतली होती, आणि आता उजेडात तो अगदी साधा, थकलेल्या बाईचा आवाज होता. सत्यवतीबाईंना तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही.

कवडू खुर्चीतून उठून चाचपडत दाराकडे निघाला. "म्हणजे तिले माहीतच नव्हतं," तो स्वतःशीच म्हणाला, मग मोठ्याने, "गोपे! गोपे वं! तुले माहीतच नव्हतं!"

बाहेर बाकावरून गोपिका धावत आली. कवडूचे हात तिच्या खांद्यावर, केसांवर, गळ्यावरच्या व्रणावर फिरले आणि तिथेच थांबले. "म्या तुले बोल लावला," तो म्हणाला आणि एवढ्या लोकांत हमसून रडला. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजली, बराच वेळ. त्याने या वेळी खरं-खोटं विचारलं नाही.

सत्यवतीबाईंनी नोटीस पिशवीत टाकली. "उत्तर मी लिहीन, डॉक्टर. पण ‘ती म्हणाली’ हे वाक्य त्यात नसेल. तुमची चूक तुमच्या हाताची नव्हती. तुम्ही मान वर करून बघितलं नाहीत, ही चूक. आणि ती माझ्या लेखी लहान नाही."

डॉक्टरांनी आपली खुर्ची ओढली, ती गोपिकासमोर मांडली आणि तिला बसा म्हणाले. स्वतः रामाजीच्या बुटक्या स्टुलावर बसले, म्हणजे पदराखालचा चेहरा त्यांना दिसेल.

"बाई," ते म्हणाले, "आता पुन्हा दोन वाटा आहेत. एक म्हणजे थांबायचं. दुखावलेली नस वर्षभरात आपणहून थोडी जिवंत होऊ शकते. होईलच असं नाही. दुसरी, मुंबईला एक नवीन ऑपरेशन करतात. त्याने आवाज थोडा येईल, पण पहिल्यासारखा नाही, आणि गळ्याला पुन्हा हात लावायचा म्हणजे धोका आहेच. श्वासालासुद्धा." त्यांनी सगळं सांगितलं, हळूहळू, सोप्या शब्दांत, ती समजल्यासारखी मान हलवेपर्यंत. "तुमचं काय म्हणणं आहे?"

रुपराव खाकरले. "मुंबईले म्हणजे आपल्याले..."

"दादा," कवडू म्हणाला, "ते तिले इचारून राहिले."

गोपिका भासऱ्यासमोर खुर्चीवर बसलेली होती. तिने दोन्ही हातांनी पदर मागे सारला, अगदी केसांपर्यंत. तिचे ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही. डॉक्टर पुढे झुकले, त्यांनी आपला कान तिच्या तोंडाशी नेला. रामाजीने मागे जाऊन ताटीवर पाणी मारणाऱ्याला थांबवलं. आता तिची कुजबूज सगळ्यांना ऐकू आली. गवतातून वारा जावा तशी.

"तवा मी गोळ्या घेतल्या असत्या, तं आवाज राह्यला असता?"

डॉक्टरांनी मान वळवून सत्यवतीबाईंकडे पाहिलं. वकील म्हणून त्यांनी या प्रश्नाचं उत्तर देऊ नका म्हणायला हवं होतं. त्या हातातली सुपारी चाळवत बसल्या.

"हो," डॉक्टर गोपिकाच्या डोळ्यांकडे बघून म्हणाले. "राहिला असता."